शेक शिकताना घेतलेला शेक

माझ्या आजाराचं निदान भर वर्गात झालं, आणि त्या दिवसाची मला हजेरीसुद्धा मिळाली.

नागपूरला रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीच्या पदवीचं माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं. रेडिओथेरपी म्हणजे किरणांनी कॅन्सरवर केलेला उपचार. आमच्या गोंदिया जिल्ह्यात लोक त्याला सरळ 'शेक' म्हणतात. किती शेक द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, पण पेशंटला टेबलावर नेमकं झोपवणं, मशीन लावणं आणि तो शेक प्रत्यक्ष देणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. तेच मी शिकत होते.

त्या दिवशी मॅडम, म्हणजे आमच्या कॅन्सरच्या डॉक्टर, मानेतले लिम्फ नोड कसे तपासायचे ते दाखवत होत्या. लिम्फ नोड म्हणजे शरीरात जागोजागी असलेल्या बारीक गाठी. जंतूंना अडवायला बसवलेल्या चौक्याच म्हणा. मॅडमना दाखवायला एक मान हवी होती. माझी मान लांब, वर्गात सगळे मला बगळी म्हणायचे. त्यामुळे निवड एकमताने झाली आणि मी स्टुलावर जाऊन बसले.

मॅडमची बोटं कानामागून खाली सरकत आली आणि गळ्याच्या हाडाच्या जरा वर थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"वर्षा, इथे काय लागतंय?"

मला वाटलं तोंडी परीक्षा सुरू झाली. मी स्वतःची मान चाचपली आणि ताठ बसून धडाधड सांगितलं, "सुपारीएवढी गाठ आहे मॅडम. दुखत नाही, रबरासारखी लागते, हलते. टीबी असू शकतो. तरुण पेशंट असेल तर हॉजकिन्स लिम्फोमाचा विचार करावा."

"बरोबर. पेशंटला आणखी काय विचारशील?"

"संध्याकाळचा ताप, अंगाला खाज, वजन कमी होणं."

हे बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. कारण खाज मला कधीपासूनच होती, आणि मी तिचा आळ होस्टेलच्या गादीवर घेतला होता. ताप येत होता, तो मी डासांवर ढकलला होता. सलवार ढिली झाली होती, तेव्हा मेसच्या जेवणाला शिव्या घातल्या होत्या. मागे सगळा वर्ग माझं उत्तर भराभरा उतरवून घेत होता. फक्त निकिताने पेन खाली ठेवलं. निकिता माझी रूम पार्टनर, गोंदिया शहरातली. ती हळूच म्हणाली, "मॅम, ये तो सच में खुजाती रहती है."

नंतर बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे गाठ किंवा तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. रिपोर्ट आला आणि मॅडमनी मला खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं. वर्गातलं माझं उत्तर बरोबर निघालं होतं. उत्तर बरोबर आलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा रडले.

हॉजकिन्स लिम्फोमा हा त्याच लिम्फ नोडांचा कॅन्सर. "बरा होणाऱ्यांपैकी आहे," मॅडम म्हणाल्या. "आधी केमोथेरपी, म्हणजे शिरेतून औषधं. मग रेडिएशन. हे तुला मी सांगायला नको." मी मान हलवली. पण तुमच्यापैकी जे कोणी कधी त्या खुर्चीवर बसतील त्यांना सांगते: मला सांगायलाच हवं होतं. सगळं पाठ असूनही मला त्या घटकेला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. म्हणून सोबत कोणीतरी न्या, आणि तेच तेच चार वेळा विचारायची लाज बाळगू नका.

माझं गाव अर्जुनी मोरगावच्या पुढे. घरी धानाची शेती. बाबांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी करंटची डिग्री करून राहिली. कळल्यावर ते तांदळाचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन नागपूरला आले. तांदूळ कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नाही. रिकाम्या हाताने कसं यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते पोतं मॅडमच्या टेबलाशेजारी टेकवून ते उभेच राहिले.

"त्या मशीनीनंच लावलं जी हे. मी पोरगी शिकाले धाडली होती, बिमार कराले नाई."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, मशीनमुळे काही झालेलं नाही. आम्ही अजून तिला मशीनच्या बटणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही. मशीन चालू असताना आत कोणी थांबतही नाही."

बाबा आणखीच भडकले. "म्हंजे दोन वर्ष झाले अन् काईच नाई शिकवलं?"

त्या दिवसापुरतं एवढंच ठरलं की औषधं घ्यायची. मशीनचं पुढे बघू. आणि बाबांनी बाहेर बाकावर बसून मला एक गोष्ट निक्षून सांगितली, "बरी झाली की घरी. ते शिक्षण बंद. जगली तं लय झालं."

मी स्वतःही त्या मशीनकडे पाहायचं टाळत होते.

केमोबद्दल फार भयंकर ऐकून असाल. थोडं खरं आहे. औषध चढलं की दोन-तीन दिवस तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव यायची. आईचं वरणसुद्धा गंजलेलं लागायचं. केस गेले. मी उशीवरून ते गोळा करत बसले तर आई म्हणाली, "राहू दे ना वं, तुह्या उवा तं गेल्या." होस्टेलला गेल्यापासून आईला माझ्या उवांची फार काळजी होती. तिला खरोखरच त्यात बरं वाटत होतं.

दोन सलाईनच्या मधले दिवस मी गावी काढायची. सुरुवातीला गाव आमच्या घरापासून लांबूनच जायचं. आमची सुभद्रा आत्या शेजारीच राहायची. ती दारातून विचारपूस करायची, पाणी दिलं तर "आत्ताच पेली" म्हणायची. मला अजून शेकाचा एक किरणही मिळालेला नव्हता, पण आत्याच्या मते माझ्या अंगात करंट भरलेला होता. मी खोलीत शिरले की ती आधी टीव्ही बंद करायला लावायची. करंटला करंट भिडेल म्हणून.

मग मोबाईलचं झालं. तेव्हा गावात मोबाईल नुकते आले होते आणि रेंज कुठेच मिळत नव्हती. लोक तलावाच्या पाळीवर चढून हॅलो हॅलो ओरडायचे. एकदा आत्याला तिच्या मुलाचा रायपूरहून फोन येणार होता. ती आमच्या ओसरीच्या पायरीवर, माझ्यापासून सुरक्षित अंतरावर उभी होती. फोन वाजला, आवाज तुटायला लागला. बोलता बोलता ती रेंजच्या मागे सरकत सरकत माझ्या खाटेपाशी आली, आणि आवाज खणखणीत झाला. आत्याने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिच्यापासी रेंज येते गा!"

आमच्या ओसरीचा तो कोपरा जरा उंचावर होता आणि समोर मोकळं शेत, बाकी काही नाही. मी हे शपथेवर सांगितलं. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अर्धं गाव माझ्या खाटेभोवती. ज्या बायका आमच्या घरचं पाणी पीत नव्हत्या त्या चहा मागून घ्यायला लागल्या. कोणी बहिणीशी बोलायचं, कोणी जावयाशी भांडायचं, आणि मधूनच मला म्हणायचं, "जरा इकडे सरक न बाई, कट होऊन राहिला." मला खोटं बोलायचं नाही, मला ते आवडत होतं. कितीतरी दिवसांनी कोणी मला खेटून बसत होतं.

पण मॅडमनी गर्दीपासून दूर राहायला सांगितलं होतं, आणि ते मी घरात कोणाला ठासून सांगितलंच नव्हतं. एका दुपारी मला थंडी वाजायला लागली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजायचे थांबेनात. आईने थर्मामीटर पाहिला आणि बाबांना शेतावरून बोलवायला माणूस धाडला.

याचं कारण न्यूट्रोपेनिया. केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या वेळी साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. केमो चालू असताना ताप आला तर गोळी घेऊन वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. माझ्या या सगळ्या लांबणीतून तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

भाड्याच्या जीपने निघालो. कोहमाऱ्याला हायवेला लागताना चालकाने डिझेलसाठी गाडी थांबवली. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाबा म्हणाले, "मी गरम पानी आनतो," आणि शेजारच्या ढाब्याकडे गेले. बराच वेळ आले नाहीत. मी मान वर करून खिडकीतून पाहिलं, तर ते ढाब्याच्या मागे, उभ्या ट्रकच्या आडोशाला भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. माझ्या बाबांना मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. परत आले तेव्हा हातात पाणी नव्हतंच. आलूबोंडे होते. "गरम आहेत," म्हणाले. एकशे तीन ताप असलेल्या पोरीसाठी आलूबोंडे. आईने ते घेतले आणि नागपूर येईपर्यंत पदरात धरून ठेवले.

दवाखान्यात आठवडाभर सलाईनमधून अँटिबायोटिक चालली आणि मी सुटले. मॅडमनी बाबांना समजावलं. बाबांनी गावी जाऊन ओसरीसमोर काट्याची फांदी आडवी टाकली. आत्या बाहेरून ओरडली म्हणे, "मंग आता आमी फोन कुठून लावाव?"

केमो संपली. गाठ विरघळली होती, पण मुळासकट जावी म्हणून शेक घ्यायचाच होता. बाबांनी एवढा ताप पाहिल्यावर मशीनला नाही म्हणायचं सोडून दिलं होतं. आणि मग तो दिवस आला, जेव्हा आमच्या विभागाचे मुख्य टेक्नॉलॉजिस्ट, आमचे सर, माझ्याकडे पाहून म्हणाले, "बॅचचं मास्कचं प्रॅक्टिकल राहिलंच आहे. तुझ्यावरच करू का?"

मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळीदार शीट. गरम पाण्यात टाकली की भिजलेल्या पापडासारखी लुळी पडते. ती चेहऱ्यावर आणि मानेवर पसरून दाबायची, थंड झाली की तुमच्या नाकाडोळ्यांसकट कडक होते. मग रोज तीच लावून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. हे सगळं मी वर्गात समजावून सांगितलं होतं, आणि "पेशंटला त्रास होत नाही" असंही म्हटलं होतं.

निकिताने शीट उचलली. "हिल मत यार, तेरी नाक टेढ़ी हो जाएगी."

गरम, ओली, जड वस्तू तोंडावर बसली आणि मला मागच्या वर्षीचं माझं ते वाक्य आठवलं. मला ओरडून सांगायचं होतं की हनुवटीपाशी अजून दाब, खांदे खाली ओढ. पण ओठ हलवता येत नव्हते. मास्क काढल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते, "हनुवटी ढिली झाली." सरांनी निकिताचे मार्क कापले. निकिता माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. कॅन्सरच्या पेशंटवर रुसणारी तेवढी ती एकटीच होती, आणि मला फार बरं वाटलं.

पहिला शेक. टेबलावर झोपले, मास्क लागला, खोलीतले लाल प्रकाशाचे पट्टे माझ्यावर येऊन जुळले. सर आणि निकिता बाहेर गेले आणि ते जाड दार सरकत बंद झालं. मशीनच्या डोक्यापासून माझ्या कातडीपर्यंतचं अंतर मला ठाऊक होतं. ते कोणत्या बाजूने फिरणार, आवाज कधी येणार, सगळं ठाऊक होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. वाटलं, हे दार आता उघडणारच नाही.

तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून निकिताचा आवाज आला, "सर, समोसे मँगवा लूँ?"

बाहेर माईक चालू राहिला होता. सर म्हणाले, "आधी हिचं होऊ दे." निकिता म्हणाली, "इसके लिए भी मँगवाती हूँ. पर ये तो कहेगी स्वाद नहीं आता." मग हिरवी मिरची की चटणी यावर दोघांचं चाललं. तोपर्यंत मशीनची भुणभुण सुरू होऊन थांबलीसुद्धा होती. काहीच जाणवलं नाही. दार उघडलं तेव्हा मी मास्कच्या आत हसत होते, म्हणजे जेवढं हसता येतं तेवढं.

सोमवार ते शुक्रवार रोज असं चाललं. पुढे घसा कोरडा पडला, गिळताना काटे टोचल्यासारखं व्हायचं, मानेची कातडी काळवंडली. हे होतं आणि ओसरतं. तिथे साबण घासू नका, तेल चोपडू नका, आत्याने पाठवलेला झाडपाल्याचा लेप तर मुळीच लावू नका.

बाबा रोज बाहेर बाकावर बसायचे. हळूहळू ते त्या वेटिंग रूमचे पाटील झाले. नव्याने आलेल्याला ते जागा द्यायचे, माहिती द्यायचे, आणि ती बऱ्याचदा चुकीची असायची. "शेक घेताना श्वास रोकून ठेवा लागते," असं त्यांनी एका आजोबांना सांगितलं. ते आजोबा आत निळे पडायच्या बेताला आले तेव्हा सर धावले. मशीनवर बाबांचा राग होता तोही कुठे गेला कळलं नाही. उलट एकदा ते मॅडमना म्हणाले, "पुरा द्या जी शेक, कमी नका करू. आमी दूरून येऊन राहिलो. मन झालं तं एखादा वरून द्या."

आणि मग मशीन बंद पडलं. इंजिनियर बाहेरून येणार होता. वेटिंग रूम पेशंटांनी भरून गेली. भंडारा, गडचिरोली, आमच्याकडचे, सगळे बस-गाडी करून आलेले. सर समजावत होते, पण त्यांच्या तोंडी 'तांत्रिक बिघाड' आणि 'उपचारातील खंड' असे शब्द. एक बाई रडायला लागली, एक माणूस सरांच्या अंगावर धावून गेला. त्याला वाटलं, एक दिवस चुकला म्हणजे आतापर्यंतचं सगळं वाया गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

मी पेशंटांच्याच रांगेत होते, डोक्याला आणि मानेला रुमाल बांधून. मी उठले, नक्की का ते मला माहीत नाही.

"वाया नाई जात जी काई," मी म्हटलं. "झालेला शेक अंगात काम करूनच राहिला. चुकलेल्या दिवसाचा हिशोब डॉक्टर करतात, पुढे भरून काढतात. पन मशीन चालू झाली की मंग तुमी घरी नोका बसू, त्या दिवसी येजा. मी पन पेशंटच आहो. हे पाहा माही मान."

मी रुमाल सोडून काळी पडलेली मान दाखवली. ती बाई उठून जवळ आली, नीट पाहिलं, हात लावला. मग तिने विचारलं, खाताना काय खातेस. मग दुसऱ्याने विचारलं, कातडी सोलते का. मी सांगत गेले. सर भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले. गर्दी हळूहळू बसली.

मशीन सुरू झाल्यावर बाबा स्वतःहून मॅडमच्या खोलीत शिरले, मी मागोमाग.

"मॅडम, हिले आता पुरं शिकवा. पयले दोन वर्ष तुमी काई नाई शिकवलं."

मॅडमनी हसू दाबत हात जोडले.

एक वर्ष मागे पडून मी डिग्री पूर्ण केली. निकिता पुढे गेली आणि मास्कचे मार्क गेल्याबद्दल तिने मला आजवर माफ केलेलं नाही. तपासण्या अजून होतात. त्या दिवशी मॅडमची बोटं मानेवरून फिरतात तेव्हा मी श्वास धरून ठेवते, बाबांनी सांगितल्यासारखा. आतापर्यंत सगळं ठीक आहे. ज्यांच्या हातांनी मी वाचले त्यांचे उपकार शब्दांत मांडायला गेले की ते सगळे मला गप्प बसवतात, म्हणून तो नाद सोडला आहे.

आता मी शेक देते. सुरुवातीला मला वाटायचं, मी तिथे झोपून आले आहे, मला पेशंटचं मन कळतं. प्रत्येकाला मी दार लागण्याआधी थांबून, हात धरून समजावायची. एकदा मुर्री गावाकडच्या एक आजी आल्या. छातीचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, घरात सुना-नातवंडांचा गोतावळा. पहिलाच दिवस होता. मी त्यांना नीट झोपवलं, वाकले आणि माझ्या सगळ्या मायेने म्हटलं, "आजी, मी आता बाहेर जाऊन राहिली. दार बंद होईन, पन घाबरू नोका. मी टीव्हीवर तुमाले पाहून राहिली, समजा. एकटं नोका वाटून घेऊ."

आजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"जा ना बाई मंग. घरी कोनी घडीभर एकटं पडू देत नाई."

मी बाहेर आले. दार लावलं. पडद्यावर आजी डोळे मिटून निवांत पडल्या होत्या. बाहेर रांग मोठी होती. तरी मी बटण जरा सावकाशच दाबलं.